मिनरल की सिंथेटिक? आधी कॅन फिरवा

स्पेअर पार्टच्या दुकानात गाडीचं ऑइल मागितलं की काउंटरवरून उलट प्रश्न येतो, "मिनरल देऊ, सेमी देऊ, का फुल सिंथेटिक?" पहिलीच गाडी असलेला माणूस इथे गडबडतो, किंमत बघून मधलं 'सेमी' उचलतो आणि घरी येतो. खरं तर दुकानात पाऊल टाकण्याआधीच तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहिलेल्या हव्यात: ग्रेड कोणता (५डब्ल्यू-३० सारखा, ऑइल किती घट्ट ते सांगणारा), मानक कोणतं (ऑइल कोणत्या चाचण्यांत उतरलंय ते सांगणारं) आणि किती लिटर. तिन्ही गोष्टी गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत 'लुब्रिकंट' किंवा 'स्पेसिफिकेशन'च्या पानावर असतात. त्या जुळवत गेलं की मिनरल-सिंथेटिकचा प्रश्न बहुतेक वेळा आपोआपच निकाली निघतो.

'सिंथेटिक' म्हणजे नक्की काय

कुठलंही इंजिन ऑइल म्हणजे बेस ऑइल आणि त्यात मिसळलेली रसायनं. मिनरलचं बेस ऑइल कच्च्या तेलातून गाळून, शुद्ध करून काढतात. त्यात लहानमोठे सगळ्या आकारांचे रेणू राहतात, थोडं मेण राहतं, थोडं गंधक राहतं. सिंथेटिकचं बेस ऑइल दोन वाटांनी येतं. एक म्हणजे पीएओ, यात छोट्या रेणूंपासून हवा तसा रेणू कारखान्यात जोडून घेतात. दुसरी वाट कच्च्या तेलाचीच, पण हायड्रोजनच्या प्रक्रियेत रेणू इतके मोडून-घडवून घेतलेले की मूळ तेलाशी नातं नावापुरतंच उरतं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, पीएओला चौथ्या गटात आणि या दुसऱ्या प्रकाराला तिसऱ्या गटात धरते. पहिला आणि दुसरा गट म्हणजे आपलं मिनरल.

गंमत अशी की तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणावं का, यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांचा वाद झाला होता. १९९९ मध्ये तिथल्या जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने 'म्हणायला हरकत नाही' असा कौल दिला. जर्मनीत मात्र पूर्ण सिंथेटिक हा शब्द तिसऱ्या गटाला चालत नाही. आपल्या दुकानांत 'फुल सिंथेटिक' म्हणून मिळणारे बरेचसे कॅन तिसऱ्या गटाचे असतात, आणि त्यात वाईट काही नाही. 'सेमी'बद्दल तर किती टक्के सिंथेटिक असावं याचा ठरलेला आकडाच नाही. तेव्हा कॅनच्या पुढच्या बाजूला कितीही मोठ्या सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असो, खरेदीचा निर्णय त्या एका शब्दावर घेऊ नये.

मग जास्त पैसे कशाचे? तीन गोष्टींचे. सिंथेटिक गरम झाल्यावर कमी पातळ होतं आणि थंड असताना कमी घट्ट असतं. ते उडून कमी जातं: प्रयोगशाळेत ऑइल २५० अंशांवर तासभर ठेवून किती टक्के उडालं ते मोजतात, आणि युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या, म्हणजे एसीईएच्या, मानकांत ही घट १३ टक्क्यांच्या आत लागते. हलक्या ग्रेडच्या ऑइलला मिनरल बेसवर ही अट पाळणं फार अवघड जातं. तिसरं म्हणजे ते उष्णतेत हवेशी संयोग होऊन लवकर चिकट होत नाही. मिनरलमध्ये हीच कामगिरी ओढूनताणून आणायला जास्त पॉलिमर (गरम ऑइल फार पातळ होऊ न देणारे लांब रेणू) घालावं लागतं. हे पॉलिमर बेअरिंग आणि गिअर यांच्यात चिरडून तुटत जातं, आणि म्हणून मिनरल मल्टिग्रेड (म्हणजे थंड आणि गरम दोन्हींचे आकडे असलेलं ऑइल) काही हजार किलोमीटरनंतर लेबलवर होतं त्यापेक्षा पातळ झालेलं सापडू शकतं.

'आपल्याकडे गरम हवा, पातळ ऑइल चालत नाही'

हे वाक्य तुम्ही गॅरेजमध्ये ऐकणारच, म्हणून इथे थोडं थांबू.

५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या चाचणीचा असतो. इंजिन फिरवताना ऑइल किती अडवतं हे ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांवर मोजतात, ५डब्ल्यूसाठी उणे ३० वर, १५डब्ल्यूसाठी उणे २० वर आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ वर. महाराष्ट्रात अशी थंडी कुठेच पडत नाही, म्हणून 'पहिला आकडा आपल्या कामाचा नाही' असा निष्कर्ष लोक काढतात. तो चुकतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावर प्रत्येक ऑइलची तांत्रिक माहितीची एक पानी शीट असते, तिच्यात ४० अंश आणि १०० अंशांवरचा घट्टपणा सेंटीस्टोक या एककात दिलेला असतो. ०डब्ल्यू-२० चा ४० अंशांवरचा आकडा साधारण चाळीस-पंचेचाळीस, ५डब्ल्यू-३० चा साठीच्या आसपास, १५डब्ल्यू-४० चा शंभरच्या वर आणि २०डब्ल्यू-५० चा दीडशेच्याही पुढे जातो. आता चाळीस अंश म्हणजे काय? उन्हात उभ्या केलेल्या गाडीतलं, अजून चालू न केलेलं ऑइल. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारीसुद्धा तुमचं इंजिन 'थंड'च सुरू होतं, आणि पहिल्या काही सेकंदांत इंजिनाच्या वरच्या भागात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत चढायला घट्ट ऑइल उशीर लावतं. सकाळी स्टार्ट करताना क्षणभर येणारी टकटक बऱ्याचदा याचीच असते.

दुसरा आकडा १०० अंशांवरचा. ३० चा ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ४० चा म्हणजे १२.५ ते १६.३. चालत्या इंजिनातलं ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर असतं, कारण थर्मोस्टॅट आणि रेडिएटर ते तिथे धरून ठेवतात. बाहेर पंचवीस असो की पंचेचाळीस, फरक थोडाच पडतो. ज्या इंजिनाच्या बेअरिंगमधली फट ०डब्ल्यू-२० साठी आखली आहे, त्यात 'गरम हवा' म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं तर मायलेज घटतं, आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालत असल्यामुळे तीही मंदावते.

कॅनच्या मागे काय वाचायचं

कॅन हातात घ्या आणि फिरवा. बारीक अक्षरांत आधी ग्रेड शोधा, मग एपीआय. पेट्रोलसाठी 'एस'ने सुरू होणारी अक्षरं असतात: एसएन २०१० चं, एसएन प्लस २०१८ चं, एसपी २०२० चं. पुस्तिकेत एसएन लिहिलं असेल तर एसपी बिनधास्त चालतं, उलटं नाही. डिझेलसाठी 'सी'ची मालिका आहे: सीएच-४, सीआय-४, सीके-४. हे मोठ्या ट्रकच्या इंजिनांसाठी आखलेलं आहे. जुन्या डिझेल कारच्या पुस्तिकांत ते दिसतं, नव्या डिझेल कारना मात्र एसीईएचं मानक लागतं.

एसीईएची ए३/बी४, सी२, सी३ अशी अक्षरं म्हणजे चढत्या पायऱ्या नव्हेत. सी२ आणि सी३ ही कमी राखेची ऑइलं आहेत, म्हणजे ऑइल जळाल्यावर मागे उरणारी राख त्यांत ०.८ टक्क्यांच्या आत लागते. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा डीपीएफ बसवलेला असतो. काजळी जळून जाते, राख जळत नाही. ए३/बी४ चं, म्हणजे जास्त राखेचं, उत्तम, महागडं, फुल सिंथेटिक ऑइल घातलं तरी डीपीएफ हळूहळू राखेने भरत जातो, आणि त्याचं बिल ऑइलच्या कित्येक पट येतं. 'सिंथेटिक आहे ना, मग झालं' या समजुतीची सगळ्यात महाग शिक्षा हीच.

मग वाहन कंपनीची मान्यता बघा. फोक्सवॅगनचं ५०२ ०० किंवा ५०७ ००, मर्सिडीजचं २२९.५१ असे क्रमांक असतात. त्यांच्या आधी 'अप्रूव्हल' आहे, की 'मीट्स', की 'सूटेबल फॉर', हे नीट पाहा. अप्रूव्हल म्हणजे वाहन कंपनीने तपासून दिलेली मान्यता. बाकीचे दोन शब्द ऑइलवाल्याने स्वतःच स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्रक.

शेवटी सील, बॅच क्रमांक आणि तारीख. झाकणाची कडी अखंड हवी, आतला फॉइल चिकटलेला हवा. बॅरलमधलं सुटं ऑइल स्वस्त मिळतं, पण त्यात काय आहे हे सांगणारं मागचं लेबलच नसतं. घेऊ नका.

कोणत्या गाडीला काय

ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या, साध्या रचनेच्या गाडीला पुस्तिकेप्रमाणे २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० मिनरल पुरतं. वेळेवर बदलत राहिलं की झालं.

साध्या पेट्रोल हॅचबॅकला पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० असेल तर मिनरल, सेमी, सिंथेटिक तिन्ही त्या ग्रेडमध्ये सापडू शकतात. निवडीला खरा वाव इथेच. ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ असेल तर निवड करायचीच नाही, कारण इतकं हलकं ऑइल सिंथेटिक बेसवरच बनतं.

टर्बो पेट्रोल असेल तर सिंथेटिकच, आणि तेही एपीआय एसपी. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जादा हवा कोंबणारा पंखा. त्याची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि शेजारूनच धगधगता धूर जातो. तिथे मिनरल जळून कोळशासारखं चिकटतं, आणि टर्बोला ऑइल पुरवणारी बारीक नळी तुंबते. एसपीचा आग्रह अशासाठी की छोट्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर ॲक्सिलेटर जोराने दाबल्यावर पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटतं आणि पिस्टन फुटू शकतो. ते रोखण्याची चाचणी एसएन प्लसपासून पुढे आली.

सीएनजीवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. गॅसवर काजळी जवळजवळ धरत नाही, म्हणून ऑइल मुदत संपली तरी चहासारखं स्वच्छ दिसतं. रंग बघून 'अजून चालेल' म्हणू नका. डिझेलमध्ये उलट, नवं ऑइल दोनशे किलोमीटरमध्ये काळंकुट्ट होतं आणि तरीही उत्तम असतं.

किती दिवसांनी: किलोमीटर नव्हे, तास मोजा

पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असं काहीसं असतं. त्याच पानावर 'सिव्हिअर कंडिशन' (खडतर वापर) म्हणून दुसरा, छोटा आकडा असतो आणि तो कुणी वाचत नाही. हिंजवडी किंवा घोडबंदर रोडच्या गर्दीत सरासरी वेग ताशी १५ धरला तर दहा हजार किलोमीटरला इंजिन ६६७ तास चालतं. पुणे-सोलापूर सारखं अंतर ताशी ६० च्या सरासरीने कापणाऱ्याचे तेवढेच किलोमीटर १६७ तासांत होतात. मीटर दोघांचा सारखा, ऑइलने मात्र चौपट कष्ट उपसलेले. रोज दोन-तीन किलोमीटरच जाऊन येत असाल तर आणखी वाईट. ऑइल पुरतं तापतच नाही आणि आतलं पाणी व पेट्रोल उडून जात नाही. असा वापर असेल तर सिंथेटिक घालूनही सहा-सात हजारांवर बदला.

पैशांचा हिशेब करू. समजा मिनरल ३५० रुपये लिटर आणि सिंथेटिक ७५०, गाडीला साडेतीन लिटर, फिल्टर आणि मजुरी मिळून ४५०. मिनरल वर्षात दोनदा बदललं तर ३,३५० रुपये, सिंथेटिक एकदा बदललं तर ३,०७५. आपल्या दुकानातले भाव घालून पाहा. मिनरल पाच हजारांवर न बदलता दहा हजारांपर्यंत ओढणाराच फक्त पैसे 'वाचवतो', आणि ते पुढे टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) उघडल्यावर काळ्या डांबराच्या रूपात दिसतात.

बदलायचं कसं

सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना वीट किंवा लाकडाचा ठोकळा. इंजिन पाच मिनिटं चालवा, म्हणजे ऑइल कोमट होऊन पूर्ण निथळेल. लांबचा प्रवास करून लगेच खाली हात घालू नका. गाडी उचलायची तर खाली जॅक स्टँड हवेतच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, अगदी मिनिटभरासाठीही नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला.

वर ऑइल भरायचं झाकण सैल करा. खाली चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) तळाशी ड्रेन बोल्ट असतो, बहुतेकदा १४, १७ किंवा १९ च्या पान्याचा. रिंग पाना किंवा बॉक्स पानाच वापरा, फिक्स पान्याने डोकं गोल होतं. बाजूलाच गिअरबॉक्सचाही ड्रेन बोल्ट असतो. तो उघडून गिअर ऑइल काढून टाकलं आणि इंजिनात साडेतीन लिटर जास्तीचं भरलं, हा घोटाळा खरोखर होतो. आधी पुस्तिकेतलं चित्र बघा. बोल्ट शेवटच्या आट्यांवर आला की आत दाबून धरत फिरवा आणि झटक्यात बाजूला घ्या. पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या.

फिल्टर काढल्यावर त्याची रबर रिंग फिल्टरसोबत आली का, हे बोटाने चाचपा. जुनी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर दोन रिंगांच्या मधून दाबाने ऑइल फवारतं आणि काही मिनिटांत चेंबर रिकामा होतो. नव्या रिंगेवर नवं ऑइल बोटाने लावा, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि पुढे पाऊण फेरा, तोही हातानेच. बऱ्याच डिझेल गाड्यांत कागदी एलिमेंट आणि वरचं प्लास्टिकचं टोपण असतं. तिथे फिल्टरसोबत आलेली नवी ओ-रिंग न विसरता बदला.

ड्रेन बोल्टला नवा वॉशर घाला. ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा हा वॉशर दाबून चपटा होऊनच सील करतो, त्यामुळे दुसऱ्यांदा तो नीट बसत नाही. वॉशर गळतो म्हणून बोल्ट आवळत जायचं आणि चेंबरचे आटे घालवायचे, हा गॅरेजमधला नेहमीचा क्रम आहे. छोट्या गाड्यांत बोल्ट आवळायचा जोर (टॉर्क) साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा पुस्तिकेतला घ्या आणि टॉर्क पाना वापरा.

आता भरा, पण कॅन उलटा करून सगळं एकदम ओतू नका. पुस्तिकेत ३.५ लिटर असेल तर आधी ३ भरा. झाकण लावा, इंजिन सुरू करा, ॲक्सिलेटर न देता. किटलीच्या चित्राचा लाल दिवा तीन-चार सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. मिनिटभर चालवून बंद करा, खाली गळती बघा, दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घाला, मग वाचा. खालच्या आणि वरच्या खुणेत छोट्या गाडीत साधारण पाऊण ते एक लिटरचा फरक असतो. थोडंथोडं घालत वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबा. जास्त भरलं तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करते, आणि फेसाला दाब धरता येत नाही.

पहिले काही आठवडे काय बघायचं

जुन्या गाडीत मिनरलवरून सिंथेटिकवर गेलात तर कुठेतरी ओल दिसू शकते. सिंथेटिक सील खातं हा समज सुरुवातीच्या सिंथेटिक ऑइलांवरून आलेला आहे. आजच्या ऑइलांत सील फुगीर ठेवणारे घटक घातलेले असतात. होतं असं की आधीच कडक झालेल्या सीलची फट जुन्या गाळाने बुजलेली असते आणि नवं ऑइल तो गाळ धुऊन काढतं. इतका गाळ असलेल्या इंजिनाला फ्लश (आतून धुणारं रसायन) मारू नका, सुटलेला गठ्ठा ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. पहिल्यांदा दोन-अडीच हजारांवर फिल्टरसकट बदला, तेवढं पुरतं. निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत, तिथे ऑइल बदलून काही होणार नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला पावसाळ्यात पांढरट मलई दिसली तर आधी घाबरू नका. छोट्या फेऱ्यांत साचलेली वाफ असते, तासभर हायवेवर नेली की जाते. सोबत कूलंटही कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट तपासा.

बीएस-६ डिझेलमध्ये डिपस्टिकवरची पातळी वाढताना दिसली तर खूश होऊ नका. डीपीएफ जाळून साफ करताना जादा डिझेल फवारलं जातं, आणि शहरात ते काम अर्धवट राहिलं की डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. वरच्या खुणेच्या पुढे गेलं असेल तर मुदत बाकी असली तरी ऑइल बदला.

रस्त्यात पातळी खाली आली आणि जवळ फक्त दुसरं ऑइल मिळतंय, तर बिनदिक्कत घाला. मिनरल आणि सिंथेटिक मिसळले तर दही होत नाही. मिश्रणाची मुदत मात्र मिनरलचीच धरा.

काढलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. सेंट्रिंगच्या फळ्यांना किंवा वाळवीसाठी लाकडांना लावायला लोक मागतात, देऊ नका. रिकाम्या कॅनमध्ये भरून, ज्या सर्व्हिस सेंटरकडून अधिकृत पुनर्प्रक्रियावाले ऑइल उचलतात तिथे द्या. तो कॅन परत भरून विकला जाऊ नये म्हणून देताना लेबलावर चाकूने आडवा-उभा चिरा मारा. नव्या कॅनमध्ये उरलेलं पावशेर ऑइल डिकीत टॉप-अपसाठी ठेवा. घरच्या मोटरसायकलमध्ये ओतू नका: तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या ऑइलमधले घर्षण कमी करणारे घटक त्याला घसरवतात.